चेहरा वेगळा, कादंबरी तीच: १९७७ च्या 'काउंट ड्रॅक्युला'विषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रक्त पिणाऱ्या सरदाराची गोष्ट सांगणाऱ्या ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीची पडद्यावर जी अनेक रूपांतरे झाली, त्यांपैकी बीबीसीने १९७७ साली केलेले 'काउंट ड्रॅक्युला' हे मूळ कृतीला सर्वांत जवळचे आहे असे जाणकार सांगतात. पण त्यातला लुई जॉर्दानचा ड्रॅक्युला कादंबरीतल्या वर्णनाशी जुळत नाही, मीना आणि ल्यूसी या मैत्रिणींना बहिणी केले आहे आणि ल्यूसीला मागणी घालणाऱ्या दोघांचे मिळून एकच पात्र बनवले आहे. मग हे रूपांतर प्रामाणिक कसे म्हणायचे, आणि अशा प्रामाणिकपणाने नटांना बळ मिळते की त्यांचे हात बांधले जातात?

कादंबऱ्यांवरून पटकथा लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि पटकथेच्या विद्यार्थ्यांना हे रूपांतर आवर्जून संपूर्ण दाखवते, म्हणून माझे मत आधीच स्पष्ट सांगते. हे रूपांतर खरोखरच कादंबरीच्या सर्वांत जवळ आहे. मात्र त्याची जवळीक किती प्रसंग ठेवले आणि किती गाळले यावरून ठरत नाही. कोणाला काय ठाऊक आहे, कधी ठाऊक झाले आणि ते दुसऱ्याला सांगितले की लपवले, हा या कादंबरीचा कणा आहे. १९७७ च्या पटकथेने तो बहुतांशी जपला, आणि त्यातला उत्तम अभिनय त्यामुळेच शक्य झाला.

१८९७ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या या सत्तावीस प्रकरणांच्या कादंबरीत निवेदक असा कोणी नाही. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यावर कामासाठी गेलेल्या तरुण वकील जोनाथन हार्करची लघुलिपीतली रोजनिशी, त्याची भावी पत्नी मीना आणि तिची मैत्रीण ल्यूसी यांची पत्रे, वेड्यांच्या इस्पितळाच्या डॉक्टर सेवर्डने फोनोग्राफच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेल्या नोंदी, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणे, ड्रॅक्युलाला इंग्लंडला आणणाऱ्या 'डिमीटर' जहाजाच्या कप्तानाची नोंदवही अशा कागदांतून ती उभी राहते. ड्रॅक्युलाची स्वतःची एकही नोंद त्यात नाही. पहिल्या चार प्रकरणांत, म्हणजे हार्कर त्याच्या किल्ल्यात असेपर्यंत, तो भरपूर बोलतो. त्यानंतर तो ओझरता दिसतो, कोणाच्या तरी खिडकीशी, स्मशानातल्या बाकावर, लंडनच्या रस्त्यात. म्हणजे पुढची सगळी कादंबरी तो इतरांच्या अंगावर उमटलेल्या परिणामांतून आपल्याला कळत राहतो. पडद्यावर याचा अर्थ असा होतो की ड्रॅक्युलाची भूमिका कितीही थोर नटाने केली, तरी चित्रपट तोलून धरायचा असतो तो हार्कर, मीना, ल्यूसी, सेवर्डच्या इस्पितळातला वेडा रेनफील्ड आणि ड्रॅक्युलाचा माग काढणारा प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग यांच्या भूमिका करणाऱ्यांनी.

बहुतेक रूपांतरांनी नेमके याच्या उलट केले, आणि त्याला कारणेही होती. १९३१ चा टॉड ब्राउनिंगचा चित्रपट थेट कादंबरीवरून आलेला नसून हॅमिल्टन डीन आणि जॉन बाल्डरस्टन यांच्या नाटकावरून आला. नाटकात सगळे दिवाणखान्यात घडवावे लागते, त्यामुळे ड्रॅक्युलाही संध्याकाळच्या पोशाखात दिवाणखान्यात आला आणि तिथेच राहिला. बेला लुगोसीचे संथ, शब्दाशब्दाला थांबणारे बोलणे त्या रंगमंचावरच तयार झाले होते. आज सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनातला ड्रॅक्युला तोच आहे. त्या चित्रपटात किल्ल्यावर हार्करऐवजी रेनफील्ड जातो. टेरेन्स फिशरच्या १९५८ च्या चित्रपटात तर जहाज आणि इंग्लंड दोन्ही गायब झाले आणि ख्रिस्तोफर लीच्या वाट्याला मोजकीच वाक्ये आली. सूर्यप्रकाशाने ड्रॅक्युला मरतो हीसुद्धा १९२२ च्या मुर्नाऊच्या मूकपटाची देणगी आहे. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, फक्त तेव्हा त्याच्या शक्ती चालत नाहीत.

१९७७ च्या २२ डिसेंबरला बीबीसी टू वाहिनीवर दाखवलेल्या या रूपांतराची पटकथा जेराल्ड सॅव्हरी यांची आणि दिग्दर्शन फिलिप सॅव्हिल यांचे. लांबी सुमारे अडीच तास, आणि ही लांबी फार मोलाची ठरली. किल्ल्याचा भाग घाईने उरकावा लागला नाही, जिथे ड्रॅक्युलाचे जहाज लागते त्या व्हिटबी या इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावाचा भाग व्हिटबीतच, तिथल्या टेकडीवरच्या सेंट मेरीच्या स्मशानात चित्रित करता आला. स्टोकर १८९० मध्ये या गावी मुक्कामाला होता आणि ड्रॅक्युला हे नाव त्याला तिथल्याच वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडले, त्यामुळे ते बाक, त्या झिजलेल्या समाध्या आणि खाली पसरलेले बंदर पाहताना कादंबरीचे पान डोळ्यांसमोर येते. उणिवाही सांगायला हव्यात. त्या काळच्या प्रथेप्रमाणे बाहेरची दृश्ये फिल्मवर आणि आतली स्टुडिओत व्हिडिओवर घेतली आहेत, आणि दार ओलांडताच प्रतिमेचा पोत बदलतो तो आज खटकतो. ड्रॅक्युलाच्या प्रभावाच्या क्षणी वापरलेल्या उलट्या रंगांच्या प्रतिमाही जुन्या वाटतात. मी विद्यार्थ्यांना सांगते की पहिल्या पंधरा मिनिटांत डोळ्यांना याची सवय होऊ द्यावी.

आता लुई जॉर्दान. कादंबरीतला ड्रॅक्युला सुरुवातीला उंच, म्हातारा, काळ्या कपड्यांतला, लांब पांढऱ्या मिशांचा, जुळलेल्या दाट भुवयांचा आहे. त्याच्या तळहातावर केस आहेत, श्वासाला दुर्गंधी आहे, आणि रक्त पीत तो पुढे तरुण होत जातो. जॉर्दान यांत कुठेच बसत नाही. तो मिशा नसलेला, देखणा, पन्नाशी उलटलेला फ्रेंच नट आहे, आणि रूपाच्या बाबतीत जेस फ्रँकोच्या १९७० च्या चित्रपटातला पांढऱ्या मिशांचा ख्रिस्तोफर ली कादंबरीच्या कितीतरी जवळ आहे. आपल्याकडच्या पुष्कळांनी जॉर्दानला १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त उदयपूरच्या महालात वावरणारा कमाल खान म्हणून पाहिले असेल. तिथेही समोरच्या माणसाला मारण्याचे ठरवून त्याचे अगत्य करणारा यजमान त्याने उभा केला होता. माझ्या मते त्याच्या ड्रॅक्युलाची किल्ली या यजमानपणातच आहे, आणि ती थेट कादंबरीतून आलेली आहे. किल्ल्यात एकही नोकर नाही. ड्रॅक्युला स्वतः पाहुण्याचे सामान उचलतो, स्वतः जेवण मांडतो, आणि एकदा हार्करला दाराच्या फटीतून तो स्वतः अंथरूण घालताना दिसतो. उमराव हमालाची आणि आचाऱ्याची कामे करतो आहे, आणि तरीही त्याचे उमरावपण तसूभर कमी होत नाही. हे पेलायला केशभूषा आणि रंगभूषा पुरत नाही, नटाच्या अंगात अदब असावी लागते.

दाढीचा प्रसंग जवळून पाहावा. कादंबरीत हार्कर खिडकीशी आपला लहानसा आरसा टांगून दाढी करतो आहे. खांद्यावर हात पडतो, मागून 'सुप्रभात' ऐकू येते, आणि आरशात खोली पूर्ण दिसत असूनही मागचा माणूस दिसत नाही. दचकून वस्तरा लागतो, रक्ताचा ओघळ हनुवटीवर येतो, ड्रॅक्युलाचे डोळे पेटतात, तो गळ्यावर झेप घेतो, पण बोटे गळ्यातल्या क्रूसाच्या माळेला लागताच संताप इतक्या पटकन उतरतो की तो आला होता यावरच हार्करचा विश्वास बसत नाही. मग ड्रॅक्युला त्याला जपून दाढी करायला सांगतो आणि आरसा खिडकीबाहेर फेकून देतो. त्यानंतर हार्कर जे लिहितो ते मला सर्वांत आवडते: हा फार त्रासाचा प्रकार झाला, आता मी दाढी कशी करणार? हीच या कादंबरीची भीती आहे. सुशिक्षित, सभ्य माणूस समोरच्या अघटितालाही पाहुणचारातली एक गैरसोय मानून चालत राहतो. बोस्को होगनचा हार्कर हे अचूक धरतो. तो किंचाळत नाही, डोळे विस्फारत नाही. यजमानाचा अपमान होऊ नये म्हणून आपली शंका गिळणारा तरुण वकील तो शेवटपर्यंत राहतो, आणि त्यामुळे जॉर्दानला आवाज चढवण्याची गरजच पडत नाही. दोन नटांपैकी एकाने संयम ठेवला की दुसऱ्याचा संयम धोकादायक दिसू लागतो, हे तालमीत मी पुष्कळदा पाहिले आहे.

उच्चारांचेही तसेच आहे. कादंबरीत ड्रॅक्युला हार्करकडून इंग्रजी घोटून घेतो, कारण लंडनमध्ये आपले बोलणे ऐकून कोणी 'हा परका' म्हणून थबकावे हे त्याला नको असते. लुगोसीच्या बोलण्यात परकेपणा ठासून भरलेला आहे, आणि त्या चित्रपटाला तो शोभतोही. जॉर्दानचे इंग्रजी मात्र इतके घोटीव आहे की त्यातला परका स्वर चांगल्या शिक्षणाचा भाग वाटावा. कादंबरीतल्या ड्रॅक्युलाला जे साधायचे होते ते या नटाला साधलेले आहे. पुढे व्हॅन हेल्सिंग लॅटिनमधून प्रार्थना म्हणत सामोरा येतो, तेव्हा जॉर्दान शांतपणे विचारतो की प्रार्थना लॅटिनमध्ये अधिक पटण्याजोगी वाटते, नाही का, प्राध्यापक? हे वाक्य कादंबरीत नाही. पण कित्येक शतके जगलेला, युद्धे आणि धर्मगुरू दोन्ही पाहिलेला तो जुना सरदार हेच म्हणाला असता, आणि पटकथाकाराने घातलेली अशी भर मी प्रामाणिकपणातच मोजते.

या रूपांतराची खरी कसोटी मात्र मीना आहे. कादंबरीत मीना सगळ्यांचे कागद गोळा करते, ते तारखेनुसार लावते, टंकलिखित करते. तिच्या कामामुळेच ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्या पुरुषांना शत्रूची चाल कळते. आणि तरीही ते ठरवतात की बाईमाणसाच्या मनाला हे सोसायचे नाही, म्हणून यापुढे तिला काही सांगायचे नाही. तिला एकटी ठेवून ते ड्रॅक्युलाच्या मातीने भरलेल्या, त्याच्या विसाव्याच्या पेट्या शोधायला जातात आणि त्याच रात्रींमध्ये तो तिच्यापर्यंत पोहोचतो. अठराव्यापासून एकविसाव्या प्रकरणापर्यंतचा हा भाग रचनेच्या दृष्टीने मला कादंबरीतला सर्वोत्तम वाटतो, कारण संकट येते ते पुरुषांच्या प्रेमळ काळजीतून. एकविसाव्या प्रकरणात दार फोडून ते आत जातात तेव्हा हार्कर पलंगावर गुंगीत पडलेला आहे, आणि ड्रॅक्युलाने एका हाताने मीनाचे दोन्ही हात धरून दुसऱ्या हाताने तिची मान आपल्या उघड्या छातीवरच्या जखमेवर दाबलेली आहे. स्टोकरने तिथे बशीतल्या दुधात मांजराच्या पिल्लाचे नाक दाबणाऱ्या मुलाची उपमा दिली आहे. ती वाचल्यावर या प्रसंगात प्रणय शोधणे कठीण आहे.

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या १९९२ च्या चित्रपटात नेमका तोच शोधला गेला, आणि त्या चित्रपटाने तर नावातच ब्रॅम स्टोकरला घेतले होते. जेम्स हार्ट यांच्या पटकथेत १४६२ सालचा पूर्वरंग येतो, ड्रॅक्युलाची पत्नी एलिझाबेटा आत्महत्या करते आणि चार शतकांनी मीनाच्या रूपात परत भेटते. छातीचे रक्त पिण्याचा प्रसंग दोन प्रेमिकांची शपथ बनतो, ड्रॅक्युला कचरतो आणि मीना आग्रह करते. यातले काहीही कादंबरीत नाही. गेल्या जन्मीच्या प्रेयसीची ही कल्पना त्याआधी १९७४ मध्ये डॅन कर्टिसच्या, जॅक पॅलन्स असलेल्या दूरचित्रपटात येऊन गेली होती. विनोना रायडर आणि गॅरी ओल्डमन यांचे काम प्रभावी आहे यात शंका नाही, पण ते वेगळ्या कथेतले काम आहे. जुडी बोकरची १९७७ मधली मीना आधी इतकी सौम्य वाटते की मला तिची काळजी वाटू लागते. पण त्या रात्रीनंतर तिच्या आवाजात जे रिकामेपण येते ते कादंबरीतल्या 'मी अपवित्र झाले' या आक्रोशाच्या फार जवळचे आहे. कपाळाला ख्रिस्तप्रसादाची ओस्ती लागून भाजते तेव्हा ती ओरडते ती केवळ वेदनेने नव्हे, देवानेही आपल्याला टाकले या जाणिवेने, आणि आजूबाजूचे पुरुष अवघडून उभे राहतात, कारण आपण तिला एकटी ठेवली हे त्यांना आता कळलेले असते. हा अवघडलेपणा पडद्यावर येण्यासाठी आधीची सगळी साखळी शाबूत असावी लागते. कोपोलाच्या मीनाच्या बाबतीत ती साखळीच तुटलेली आहे. ती स्वतःहून ड्रॅक्युलाला भेटत असते, त्यामुळे पुरुषांच्या चुकीला काही वजन उरत नाही.

जॅक शेपर्डच्या रेनफील्डविषयी मी तासन्‌तास बोलू शकते. १९३१ मध्ये ड्वाइट फ्रायने त्याला जे हसू दिले ते इतके गाजले की पुढे कितीतरी वर्षे रेनफील्ड म्हणजे वेडगळ हसणारा चाकर असे समीकरण झाले. टॉम वेट्सने १९९२ मध्ये तो आणखी भडक केला. कादंबरीतला रेनफील्ड माशा कोळ्यांना आणि कोळी चिमणीला चारून मग मांजर मागणारा वेडा आहे हे खरे, पण एका रात्री तो विलक्षण शुद्ध, सुसंस्कृत भाषेत आपल्याला इथून जाऊ द्या अशी विनवणी करतो, आणि कारण सांगता येत नाही म्हणून त्याचे कोणी ऐकत नाही. ड्रॅक्युला मीनाला पोखरतो आहे हे कळल्यावर हाच माणूस त्याच्या अंगावर धावून जातो आणि प्राण गमावतो. शेपर्डने माशांचे खाणे जवळजवळ खाजगी केले आहे, कोणी पाहू नये अशा लाजेने तो ते करतो. त्यामुळे मीनाशी बोलताना त्याचा आवाज स्थिर होतो तेव्हा हा मूळचा कसा माणूस असेल ते आपल्याला दिसते. या संपूर्ण रूपांतरातला हा सर्वांत मोठा अभिनय आहे असे मी निःसंकोच म्हणेन.

फ्रँक फिनलेचा व्हॅन हेल्सिंग प्रेमळ आणि अभ्यासू आहे. अक्षराशी प्रामाणिक राहायचे तर कोपोलाच्या चित्रपटातला अँथनी हॉपकिन्स अधिक जवळ आहे हे मान्य करायला हवे, कारण कादंबरीत ल्यूसीच्या अंत्यविधीनंतर व्हॅन हेल्सिंगला बग्गीत हसण्याचा झटका येतो आणि तो विचित्र, लहरी वागतो. हॉपकिन्सने ते हसू उचलले, पण कादंबरीत ते हसू रडण्यात मिसळलेले आहे, तो दुःखाने कोसळू नये म्हणून हसतो आहे, आणि ती दुसरी बाजू मला हॉपकिन्समध्ये सापडत नाही. फिनले हसत नाही, मात्र पिशाचाच्या छातीत ठोकायचा खुंटा आणि हातोडा बाहेर काढताना त्याच्या चेहऱ्यावर जो संकोच आहे, आपण एका सभ्य घरात काय घेऊन आलो याची जी लाज आहे, तिथे ते दुःख पोहोचते.

सुझन पेनहॅलिगनची ल्यूसी चांगली आहे. आजारी पडण्याआधीचा तिचा खोडकरपणा आणि नंतरची हाव या दोन टोकांत तोच चेहरा कायम राहतो. तिच्याभोवतीची रचना मात्र विसविशीत झाली आहे. कादंबरीत तिला एकाच दिवशी तिघे मागणी घालतात: डॉक्टर सेवर्ड, टेक्सासचा क्विन्सी मॉरिस आणि आर्थर होमवुड. पुढे हे तिघे आणि व्हॅन हेल्सिंग असे चौघे पाळीपाळीने तिला रक्त देतात, आणि वाग्दत्त वर असलेल्या आर्थरला त्या इतरांच्या रक्ताविषयी कोणी सांगत नाही. पुन्हा तेच, काय सांगितले आणि काय लपवले. सॅव्हरी यांनी आर्थर आणि क्विन्सी यांना एकत्र करून क्विन्सी होमवुड नावाचा अमेरिकन बनवला, आणि त्या गुपिताची धार बोथट झाली. शिवाय रिचर्ड बार्न्सचा अमेरिकी उच्चार ओढूनताणून आणलेला वाटतो. त्याच्या वाक्यांपाशी प्रसंग थबकतात. मीना आणि ल्यूसीला बहिणी केल्याने मला तितके वाईट वाटत नाही, कारण त्यामुळे घर एक झाले आणि दुःख जवळ आले.

नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या व्हॅम्पायरकथेवरून 'लुचाई' लिहिली तेव्हा ती पूर्णपणे इथल्या मातीत आणली. तिथे प्रसंग मोजणारा वाचक निराश होईल, पण गाव हळूहळू कसे गिळले जाते आणि कोणाच्या ते उशिरा लक्षात येते, हे जसेच्या तसे आहे. आपण स्वतः रूपांतराचा विचार करत असाल तर ती कादंबरी आणि १९७७ चा हा दूरचित्रपट शेजारी ठेवून पाहावे. एकाने सगळे बदलले आहे, दुसऱ्याने फारच थोडे.

आता शेवटाबद्दल. कादंबरीत बोर्गो खिंडीजवळ, सूर्य मावळत असताना, हार्कर कुकरीने ड्रॅक्युलाचा गळा चिरतो आणि क्विन्सी आपला बोवी सुरा त्याच्या हृदयात खुपसतो; खुंट्याचा तिथे संबंध नाही. कुकरी आणि सुरा कोपोलाने ठेवले, तर १९७७ मध्ये खुंटा ठोकण्याचे काम व्हॅन हेल्सिंगकडे गेले. इथे अक्षराने कोपोला जवळचा आहे. पण त्या शेवटाआधी कादंबरीत मीना सर्व पुरुषांना सांगते की ज्याने हे सगळे दुःख घडवले तो बिचारा जीवच सर्वांत दुर्दैवी आहे, त्याच्याविषयी दया ठेवा. आणि शेवटच्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर उमटलेली शांती तिलाच दिसते. कोपोलाने या दयेचे प्रेम केले. प्रेम असले की मीनाचे दुःख सोपे होते, कारण तिचे काही हिरावले जाते. दया असली तर ज्याने आपल्यावर अत्याचार केला त्याच्यासाठी तिला दुःखी व्हायचे आहे, आणि तेही नवऱ्यासमोर, ज्याला ते ऐकवत नाही. त्या संवादात हार्कर काय उत्तर देतो ते तेविसाव्या प्रकरणात वाचावे, आणि मग बोकर आणि होगन यांचे एकत्र असलेले शेवटच्या भागातले प्रसंग पुन्हा पाहावेत.